उपाध्यक्षाची खोली

आखातातल्या अल नस्र भागात शोभाच्या घरातली छोटी बेडरूम चार वर्षं मराठी मंडळाच्या ताब्यात होती. तिथे तीन दांडगी पातेली एकात एक घालून ठेवली होती, त्यांच्यावर पराती, परातींवर सतरंज्या आणि भिंतीला टेकवलेलं गणपतीचं थर्माकोलचं मखर. एसी बंद केला की मखराचा गोंद सुटायचा, म्हणून माणूस नसलेल्या त्या खोलीत एसी दिवसरात्र चालू असे. एसीच्या थरथरीनं खाली ठेवलेल्या गाठोड्यातल्या लेझिमी वाजत. घरातून मिरवणूक चालली आहे आणि ती काही केल्या पुढे सरकत नाही, असं शोभाला वाटायचं.

मंडळाचा रिवाज असा, की अध्यक्षाच्या घरी बैठका आणि उपाध्यक्षाच्या घरी सामान. शोभाचे यजमान राजाभाऊ चार वर्षं उपाध्यक्ष होते.

ऑगस्टमध्ये पुण्याहून अनुष्काचा फोन आला. पुढच्या महिन्यात ती बाळाला घेऊन येणार होती. "आई, पाळणा छोट्या खोलीत लावशील ना?" तिनं विचारलं. शोभानं पातेल्यांकडे पाहिलं आणि त्याच क्षणी ठरवलं, की या वर्षी राजाभाऊंनी अध्यक्ष व्हायचं.

राजाभाऊंची ना नव्हती. नियमाप्रमाणे अध्यक्ष आणि उपाध्यक्षानं जोडीनं उभं राहायचं, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत नावं द्यायची. एकही जोडी आली नाही तर जुनी कमिटी आणखी वर्षभर चालू. प्रश्न फक्त जोडीदाराचा होता. नेमकी त्याच आठवड्यात टीव्हीवर अमेरिकेची चर्चा चालली होती, की तिथले उमेदवार उपाध्यक्ष म्हणून कोणाला घेणार. राजाभाऊ रोज रात्री ती चर्चा मान डोलावत ऐकत.

"जोडीदार असा हवा," ते म्हणाले, "की आपल्यात जे नाही ते त्यानं आणावं. ह्याला बॅलन्स म्हणतात."

"आपल्यात रिकामी खोली नाही," शोभा म्हणाली.

"अगं, मी मतांचं बोलतोय."

"तुमच्यासमोर उभं कोण आहे?"

"कोणीच नाही. म्हणून काय विचारच करायचा नाही?"

त्यांनी विचार केला. वसईचा जेरोम हॉस्पिटलच्या ऑफिसात होता. त्याच्यामागे सगळे वसईकर. चिपळूणचा इकबाल मेसईदच्या स्टील प्लँटमध्ये. त्याच्या एका शब्दावर कंपनीची बस भरून माणसं येत. राजाभाऊंच्या मनात जेरोम होता. शोभाच्या मनात इकबाल होता, कारण कंपनीच्या क्वार्टरमागे त्याची स्वतंत्र स्टोअररूम होती.

"जेरोमच," राजाभाऊंनी निकाल दिला. "पण इकबालला विचारलं नाही तर मेसईदवाल्यांना वाईट वाटेल. आधी त्याला विचारून टाकतो. त्याची शिफ्ट ड्यूटी, तो नाहीच म्हणणार."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. इकबाल लगेच म्हणाला, "नको भाऊ, आपल्याला नाय जमायचं. शिफ्ट असते."

हवं ते उत्तर मिळालं होतं. इथे फोन ठेवला असता तर संपलं असतं. पण राजाभाऊंनी तरुणपणी नाशकात खूप पंगती वाढल्या होत्या. पहिल्या 'नको'ला जो वाढपी पुढे सरकतो, त्याच्या घरून पाहुणा उपाशी उठतो, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

"असं कसं, इकबालभाई? तुम्ही हवेतच!"

"दुसरा कोणी बघा ना."

"छे छे, दुसरा कोण? माझ्यासाठी तरी!"

"बरं, एवढं म्हणताय तर धरा माझं नाव."

राजाभाऊंनी फोन ठेवला आणि घाम पुसला. शोभानं मनातल्या मनात पाळणा टांगला.

"आता जेरोमला सांगून टाका, जागा भरली म्हणून," ती म्हणाली.

"त्याला मी कुठे विचारलंय अजून?"

"मग सांगायचं तरी काय?"

"पण त्याच्या कानावर दुसरीकडून गेलं तर? आपणच माफी मागितलेली बरी."

माफी मागायला ते स्वतः गेले. परतले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाला जेरोम?"

"मी म्हटलं, खरं तर तुमचंच नाव मनात होतं. तो म्हणाला, मला कशाला, भाऊ?"

"मग?"

"मग काय! 'मला कशाला' म्हणाला गं तो!"

"तुम्ही आग्रह केलात," शोभा कपाळाला हात लावून म्हणाली. "आता किती उपाध्यक्ष झाले?"

"दोनच."

दोघांपैकी एकालाही नाही म्हणणं राजाभाऊंना जमेना, तेव्हा त्यांनी दोघांनाही शुक्रवारी जेवायला बोलावलं. इकबाल जुम्म्याची नमाज आटोपून जीप घेऊन आला. जेरोम आणि त्याची बायको जुलियाना केक घेऊन आले. मसालेभाताच्या पहिल्या घासालाच इकबाल म्हणाला, "भाऊ, उपाध्यक्ष म्हणून मी एक ठरवलंय..." आणि जेरोमचा घास हातातच राहिला.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. राजाभाऊ ताकाच्या ग्लासात बघत बसले.

"इकबालभाई, तुम्हीच व्हा," जेरोम म्हणाला.

"छे, तुम्ही असताना मी कशाला?" इकबाल म्हणाला. पण नाव कोणी मागे घेईना.

शोभाला दोघांपैकी कोणीही चालला असता. ती उठली, छोट्या बेडरूमचं दार उघडलं आणि म्हणाली, "जो होईल त्यानं गाडी खाली दाराशी लावा. सामान आजच न्यायचंय."

लेझिमी वाजत होत्या. दोघांनी पातेली पाहिली, मग एकमेकांकडे पाहिलं.

"इकबालभाई, तुम्हीच व्हा!" आता जेरोम मनापासून म्हणाला. "आमच्याकडे सायकल ठेवायला जागा नाय."

"माझ्या स्टोअरला कंपनी कधीही कुलूप लावील," इकबाल म्हणाला. "माझं नाव खोडाच."

राजाभाऊंनी दोघांना तीन-तीनदा आग्रह केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो फुकट गेला. पाच वाजून गेले होते. शेवटी त्यांची नजर बायकोवर पडली.

"शोभा, तूच हो."

"मी? नको."

"अगं, असं काय करतेस?"

"नको म्हटलं ना!"

"माझ्यासाठी तरी!"

"पण ताई, मग सामान इथेच राहणार," जुलियाना हळूच म्हणाली.

शोभा राजाभाऊंकडे वळली. "नियम काय आहे हो? सामान उपाध्यक्षाच्या घरी, की उपाध्यक्षाच्या ताब्यात?"

"लिहिलंय ताब्यात," राजाभाऊ म्हणाले. "घरी हा आपला रिवाज."

"आणा पेन," शोभा म्हणाली.

तिनं सही केली, राजाभाऊ कागद घेऊन धावले, आणि नव्या उपाध्यक्षांनी पदर खोचला. सगळ्यात मोठं पातेलं त्यांनी इकबालसमोर ठेवलं.

"नको वहिनी, खरंच नको!"

"असं कसं, इकबालभाई? तुमच्या जीपमध्ये सहज बसेल. त्यात ही परात."

"वहिनी, पुरे!"

"पुरे काय? मेसईद लांब आहे, आणखी एक घ्या." मग त्या वळल्या. "जुलियाना, मागची सीट पाड गं."

जेरोमनं, पानात जिलबी पडू नये म्हणून धरतात तसे, दोन्ही हात आडवे धरले. शोभानं त्या हातांवरच लेझिमींचं गाठोडं ठेवलं.

"घ्या हो, जेरोमभाऊ, संकोच कसला?" ती प्रेमानं म्हणाली. "खायचं थोडंच आहे, नुसतं ठेवायचंय."