हेमाताईचा अल्बम आणि मोकळ्या ओळी

हेमाताई एक वाक्य बोलते आणि तेवढाच वेळ गप्प बसते. नवख्याला वाटतं, आता आपली पाळी. त्याने तोंड उघडलं की ताई डाफरते, "थांब! ती तुजी जागा नाय!" बोईसरजवळच्या माहीम गावात, आमच्या आळीत तिच्याशी गप्पा मारायच्या तर हे सोसावं लागतं.

वय साठीला टेकलेलं, मागे पानवेलीची वाडी, पुढे ओट्यावर सिंथेसायझर. लग्नांत, हळदींत गाण्यात तिची हयात गेली. डीजे आले, गाणाऱ्या बायका शिव्या घालत घरी बसल्या. ताईही बसली, पण बसण्याआधी एका डीजेकडून जुना सिंथ उचलून आणला. "हत्यार त्याचं, हात माजा!"

मग स्वतः गाणी रचून ती भर दुपारी आळीची झोप उडवायला लागली. मी तक्रार घेऊन गेलो.

"ही गाणी लग्नाची नाहीत, हळदीची नाहीत. मग आहेत कसली?"

"माजी," ताई म्हणाली. "सिंथ-पॉप म्हनतात याला. तुला नाय समजायचं."

तरी अल्बम करायला बोईसरच्या स्टुडिओत जाताना ताईच्या स्कूटरवर मागे, मांडीवर सिंथ घेऊन, मीच होतो. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. प्रत्येक ओळीनंतर तेवढीच ओळ मोकळी, नुसता ठेका.

"मॅडम, इतना खाली रखोगे तो लोग गाना बदल देंगे."

"बदलू दे. मी बदलनार नाय."

त्याने आपल्या मनाने त्या जागांत कोरस भरून ऐकवला. खरं सांगतो, झकास लागत होता. ताईने सरळ वायर उपटली. "माज्या गान्यात बिनबोलावता कोन आलेलं चालनार नाय!"

"फिर मेरा नाम मत डालना," तो चिडला.

"तुजं व्हतंच कुटं?"

अल्बम मोकळ्या ओळींसकट निघाला. त्याच दिवशी ताई म्हणाली, "चल एडवनला."

एडवणला तिची धाकटी बहीण इंदू राहते. लग्नांत दोघी जोडीने गायच्या. ताईने ओळ टाकायची, इंदूने ती झेलून तेवढीच उत्तराची ओळ गायची. मग इंदूच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. लोक ताईला म्हणाले, झेलायला दुसरी घे. ताईने मांडवच सोडला. आम्ही वेडे, डीजेला दोष देत होतो.

अंगणात ताईने फोनवर गाणं लावलं. तिची पहिली ओळ झाली, मोकळी जागा आली, आणि इंदूचे ओठ हलले. आवाज काहीच नाही. पण ओळ अशी ठेक्यात पुरी झाली, की ताईची पुढची ओळ इंदूच्याच तोंडून उचलल्यासारखी आली.

मी काहीतरी बोलायला गेलो.

"थांब," ताई हळूच म्हणाली. "ती तिची जागा हाय."