डावा कान सर जाहला त्याची हकीकत

श्री. राजमान्य वाचकांचे सेवेसी लेखकाची विज्ञापना ऐसी जे, सासरेबुवांचा डावा कान कोणत्या मसलतीने हाती आला याविषयी चार जण चार तऱ्हांनी बोलतात. सबब मोहिमेच्या सरदार ज्या सूनबाई, त्यांच्या निसबतीने जे घडले ते साद्यंत लिहिले आहे. कमीजास्त असल्यास पोटात घालावे.

सासरेबुवा घड्याळजी, हुन्नरात मोठे मातबर. सहा वर्षांमागे त्यांचे कान फितूर जाहले, आणि बुवा कबूल करीनात. सारे जगच हल्ली पुटपुटते, ऐसा त्यांचा दावा. मग मंगळवारी रस्ता ओलांडता मागून ट्रकने भोंग्यावर भोंगा दिला, बुवांस गंधवार्ता नाही, आणि वीतभर अंतराने बचावले. हे सूनबाईंनी खिडकीतून पाहिले आणि त्याच घटकेस मोहीम मुक्रर केली.

सूनबाई शाळेत भूगोल शिकवीत. नकाशात उत्तर वरच असते, तैसा जाहिरातीचा अर्थही एकच असतो, ऐसा त्यांचा पक्का भरवसा. त्यांनी श्रवणयंत्राची जाहिरात हुडकली, तीत एक म्हातारा कानास यंत्र लावतो आणि नातीचे गाणे ऐकून डोळे पुसतो. मग रविवारी चहाच्या सुमारास ती टीव्हीवर लाविली, आवाज पुरता सोडला, आणि सर्व मंडळींस हजर राहण्याचा हुकूम फर्माविला.

जाहिरात संपली, आणि सूनबाई पाहतात तो फौजेची दाणादाण. त्यांचे यजमान, त्यांस म्हाताऱ्यामागील सोफा तेवढा दिसला, आणि आपणही तैसाच करडा घ्यावा ऐशी सूचना त्यांनी मांडली. सासूबाईंचा कौल निराळाच, की यंत्रापूर्वी तो म्हातारा किती शांत दिसत होता, उगाच रडविला बिचाऱ्यास. सूनबाईंनी कपाळास हात लाविला. मग जाहिरात दुसऱ्यांदा लाविली, आणि तिसऱ्यांदा लाविली, आणि यजमान सोफ्याच्या उशांपर्यंत पोहोचले.

इतक्यात खासे सासरेबुवा उठले, पडद्यास नाक लागेतो जवळ गेले, आणि चित्र थांबविण्याची आज्ञा जाहली.

"यात सेलच नाही. झाकण उघडं आहे बघ. नाटक करतोय तो म्हातारा."

सूनबाई हताश होऊन कप गोळा करू लागल्या. परंतु घड्याळजीचा जीव तो, त्यास उघडे झाकण सोसवेना. मग फर्मान सुटले की ऐसे एक यंत्र सत्वर पैदा करावे, म्हणजे त्याची लबाडी चव्हाट्यावर मांडू. सूनबाईंनी मान डोलाविली.

गुरुवारी यंत्र दाखल जाहले. बुवांनी डोळ्यास भिंग लाविले, चिमट्याने झाकण उघडले, सेल बसविला, झाकण मिटले, आणि लबाडी सिद्ध करण्यास कानावाचून इलाज उरला नाही. मग यंत्र डाव्या कानात गेले. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक लंगडते हे ध्यानी येऊन त्यांस मोठी शरम वाटली, आणि ते उतरवून तत्काळ दुरुस्त केले. यंत्र चालते ऐसे मात्र तोंडाने म्हटले नाही. आणखी चार दिवस तपासावे लागेल, इतकाच निवाडा दिला.

दुसरे दिवशी बुवा यंत्रासह फिरावयास निघाले. सासूबाई पाठमोऱ्या भांडी विसळीत होत्या, त्या नळाकडे पाहूनच हलकेच बोलल्या, "सांभाळून जा हो."

बुवा दारात थांबले. "हो. येतो लवकर."

सासूबाईंच्या हातचे पातेले हातातच राहिले. सूनबाईंनी पुसता कळले की हे त्या रोज म्हणत, सहा वर्षे, आणि उत्तराची वाट पाहणे केव्हाच सोडले होते. इतके हलके ज्यास ऐकू आले, त्यास भोंगा ऐकू येणारच, हे जाणून सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. मग दुपारी सासूबाई बुवांच्या हट्टी स्वभावाविषयी तैशाच हलकेच काही बोलल्या, आणि त्यासही उत्तर आले.

येणेप्रमाणे शुक्रवारी सकाळी साडेसातास डावा कान सर जाहला. जाहिरातीचा अर्थ कोणासही सूनबाईंच्या मनाजोगता लागला नाही, हेही दफ्तरी नमूद असावे. सासूबाईंनी तो सबंध दिवस बुवांस उगाचच चार वेळा हाक मारिली, आणि चारही वेळा बुवांनी ओ दिली.