खालून सातवी ओळ

आमच्या लालबागच्या चाळीत स्वतःचा म्हाळ स्वतः घालून स्वतःच जेवणारा एकच माणूस होता. गंगारामतात्या. पितृपक्ष आला की त्यांच्या खोलीतून वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटायचा आणि पहिलं पान गॅलरीबाहेरच्या पत्र्यावर कावळ्यासाठी जायचं.

"कोणाचा म्हाळ, तात्या?" एखादा नवा भाडेकरू विचारायचा.

"माझो. येतास जेवक?"

नव्या भाडेकरूला नेमका त्या दिवशी उपास निघायचा.

तात्या पूर्वी बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारणारे. लढाईत त्यांची बोट पाणबुडीनं बुडवली. पुढे अशा बुडालेल्या खलाशांचं गोदीकडे स्मारक झालं. एक दालन, भिंतीवर पितळी पाट्या आणि पाट्यांवर इंग्रजीत नावं. तिसऱ्या पाटीवर खालून सातव्या ओळीत तात्यांचं नाव. आणि तात्या इकडे मिशीला पीळ भरत गिरणीच्या बॉयलरवर कोळसा मारतायत! बोट सुटली तेव्हा तात्या तापानं फणफणून खोलीवरच पडले होते, आणि तरी गोऱ्यांनी त्यांना बुडालेल्यांत धरलं, एवढं चाळीला ठाऊक होतं. "गोऱ्यांचो घोळ," असं तात्या म्हणायचे आणि विषय संपवायचे.

हे मरण त्यांनी भलतंच सोयीनं वापरलं. चाळ कमिटीची सभा असो, जिना झाडायची पाळी असो, बोलवायला गेलं की ठरलेलं उत्तर: "मेलेल्या माणसाक कित्याक बोलवतस रे?" साथीच्या दिवसांत टोचायला डॉक्टर आले, तर त्यांनाही हेच ऐकवलं. डॉक्टर बिचारे पुढच्या खोलीत गेले.

फक्त संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला त्यांना बोलवावं लागत नसे. सगळ्यांत पुढे तेच. एकदा पोलिसांची लाठी त्यांच्या खांद्यावर बसली. मी मागे ओढायला लागलो तर म्हणतात कसे, "सोड रे वसंता, मेलेल्याक आनी काय मारतले?" त्यानंतर आठ दिवस आम्ही आळीपाळीनं खांद्याला तेल चोळलं. मेलेला माणूस असून विव्हळत मात्र छान होते.

महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी चिंच आणि राख पुडीत बांधून ते स्मारकाकडे जायचे. पाटी घासायला! पहिल्यांदा फक्त आपलीच ओळ घासली. ती अशी चकाकली, की बाकीची नावं वाचेनाशी झाली. पहारेकरी खवळला. तेव्हापासून सगळ्या पाट्या घासणं आलं. मी एकदा सोबत गेलो होतो. इंग्रजी अक्षर कळत नसताना ते ओळीओळीवर बोट ठेवून सांगत होते, "हो देवगडचो दाजी. हो राजापूरचो हसन. मस्करी करूची तर ह्येनाच." सातव्या ओळीशी आले आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, स्वतःबद्दल माणूस काय बोलणार?

आता माझा दोष सांगतो. मी कारकून. अर्ज लिहायचा म्हटलं की माझ्या हाताला खाज सुटते. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत म्हणजे काय! तात्यांना न विचारता मी स्मारकाच्या कचेरीला झकास इंग्रजीत अर्ज ठोकला. महिन्याभरात उत्तर आलं. सदर इसमानं समक्ष यावं, खात्री पटल्यावर नाव खरवडून काढू.

मी गॅलरीतूनच ओरडलो, "तात्या, अभिनंदन! जिवंत झालात!" सगळी चाळ हसत बाहेर आली. तात्या हसले नाहीत.

"खरवडतले?" त्यांनी विचारलं. "म्हंजे थंय कायच रवाचा नाय?"

त्यांनी मला खोलीत घेतलं आणि दार लावलं. त्या खोलीचं दार दिवसाउजेडी लागलेलं मी प्रथमच पाहिलं.

"थंय पाटयेर मी नाय रे. माझो पांडू आसा."

पांडू त्यांचा धाकटा भाऊ. वर्षभर वाट पाहून तात्यांना बोट मिळाली होती आणि ऐन वेळी ताप भरला. संधी गेली तर पुन्हा कधी? पांडू म्हणाला, दादा, तुझी नली दे, तुझ्या नावानं मी जातो. नली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. त्यात फोटो तात्यांचा. "पांडू म्हणता, फोटोत मिशी, माकाय मिशी. गोऱ्यांका आमची तोंडां सारकीच दिसतत. आनी गेलो रे हसत. तिसऱ्या आठवड्यात बोट बुडाली."

"आणि गावी आईला काय सांगितलंत?"

"आवशीक सांगूक नाय. ती अजून वाट बघता. पांडू खंयच्या तरी बोटीर आसा, म्हणता. मग तेचो म्हाळ तेच्या नावान कसो घालू? माझ्या नावान घालतंय. दुनयेत तेची येकच खूण आसा, ती सातवी ओळ. ती तू खरवडूक लावलस."

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पांडूचंच नाव घालून घेऊ, असं मी चाचरत म्हटलं.

"कागदार पांडू बोटीर चढूकच नाय. कोण मानतलो? आनी मानल्यानी, तर आवशीक कळात."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यांत खोटा अर्ज लिहिला आणि आम्ही दोघं स्मारकाच्या कचेरीत गेलो. गंगाराम हे खरोखरच वारले असून मागचा अर्ज गैरसमजानं झाला, असं मी लिहिलं होतं. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला.

"नात्यातलं कोणी आहे का सांगणारं?"

मी याची तयारीच केली नव्हती. तात्या पुढे झाले.

"मी आसंय. तेचो भाव."

"नाव?"

तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "पांडुरंग."

"धाकटे?"

"धाकटो."

कारकुनानं नाव लिहिलं आणि शाईचा पॅड पुढे केला. तात्यांनी अंगठा उठवला. कागद फायलीत गेला. सातवी ओळ राहिली.

मग आतल्या दालनात जाऊन त्यांनी नेहमीसारख्या पाट्या घासायला घेतल्या, पण आज डाव्या हातानं. उजवा हात छातीशी धरलेला, अंगठा शाईनं निळा. चिंच मी पुढे केली आणि म्हटलं, "तात्या, हात धुऊन घ्या आधी."

"रवांदे," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "पांडूचो आंगठो आसा तो."