आधी पायताण दाखवा

आमच्या बच्छाव मॅडमच्या टेबलावर कायम पोरांच्या चपला असतात, त्याही उलट्या. मॅडम लहान मुलांच्या मेंदू-मणक्याच्या मोठ्या सर्जन. पण पेशंट आत आला की नाव-गाव राहिलं बाजूला, "आधी पायताण दाखवा." त्याच टेबलावर त्या जेवतात. मी इथला फिजिओथेरपिस्ट, मी माझा डबा घेऊन लांब बसतो.

पाठीचा कणा उघडा राहून जन्मलेली, तान्हेपणीच ऑपरेशन झालेली मुलं त्यांच्याकडे येतात. पुढे कधी कधी जुन्या टाक्यांखाली आत गाठ धरते आणि मज्जारज्जू दाबत जाते. घरच्यांना वाटतं, मूळचंच दुखणं आहे.

सायखेड्याच्या प्राचीचं तेच झालं होतं. शाळेत जाणारी पोर हल्ली अडखळायची, अंथरूण ओलं करायची. या मुलांचं असंच चालायचं, असं कुणीतरी सांगितल्यामुळे वडील एमआरआयला तयार नव्हते. मॅडमनी चप्पल मागितली, तर ती कोरी करकरीत. नाशिकला मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून आईने आदल्या दिवशी मुद्दाम घेतलेली.

"झिजलेली घालून कसं आणायचं मॅडम? बरं दिसतं का ते?"

मॅडम भडकल्या. वडिलांना त्याच पावली जुनी चप्पल आणायला पिटाळलं. मला तर वाटलं, बाईंनी आता हद्द केली.

जुनी चप्पल आली. डावी धड होती, उजवीचा अंगठ्याकडचा भाग पार घासून गेलेला. मॅडमनी ती वडिलांच्या हातात दिली.

"पाय ओढतेय ती. आता थांबलो तर हा पाय हातचा जाईल."

वडील बराच वेळ चप्पल चाचपत राहिले. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. तिचा पाय ऱ्हायला पाहिजे."

एमआरआयमध्ये गाठ निघाली. मॅडमनी ती काढली. पुढच्या तपासणीला प्राची आमच्या व्हरांड्यातून चक्क पळाली. अंथरूणही आता कोरडं असतं, हे तिने स्वतःच सगळ्यांना ऐकवलं. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या, मी शिट्टी मारली. मॅडमनी तिला परत पळायला लावलं, मग आणखी एकदा.

निघताना आईने विचारलं, पुन्हा कधी आणू? सहा महिन्यांनी आणलं तरी चालेल, असं मी म्हणालो.

"तुम्ही नका येऊ," मॅडम म्हणाल्या. "रविवारी मीच येते सायखेड्याला."

ही बाई माझ्या लग्नालाही आली नव्हती.

"या की," आई म्हणाली. "जेवायलाच या. घरच्यांनाबी आणा."

मॅडम प्राचीच्या केसांची पिन सरळ करत होत्या.

"घरी कुणी नाही हो माझ्या," त्या म्हणाल्या. "मी एकटीच येईन. पण सकाळीच येईन."