बेटावरची तक्रार

श्रीशैलच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक पळी. पळी ज्याच्या हातात, त्यानंच आत जायचं. खिळा रिकामा दिसला तर बाहेर थांबायचं. श्रीशैल एकटाच राहतो. तरी आत जाताना पळी घेतो आणि बाहेर आला की टांगतो.

नियम आई असतानाचा. एकदा आईनं वरण चाखलं, अळणी लागलं, म्हणून ती मिठाचा डबा काढायला वळली. तेवढ्यात यानं चाखलं आणि समोरच्या वाटीतलं मीठ टाकून निघून गेला. मग आईनंही टाकलं. "चूक कुणाचीच न्हाय की सर," तो मला सांगतो. "चाखणं आन् घालणं, ह्याच्या मधी दुसरा घुसला."

असल्याच चुका शोधण्यावर त्याचं पोट चालतं. संगणकांची एकमेकांशी जोडणी सांभाळणाऱ्या कोडमध्ये दोन कामं एकाच वेळी हात घालतात आणि यंत्र अडकतं. मी शेजारचा निवृत्त मराठी शिक्षक. मला एवढंच कळतं. त्याच्या साहेबांना याहून कमी कळतं, असं तो म्हणतो.

गेल्या वर्षी एक तक्रार आली. दूर उत्तरेला एका बेटावर योनास नावाचा गृहस्थ होड्यांना वाऱ्याची खबर देणारं यंत्र सांभाळतो. ते अधूनमधून मुकं व्हायचं. चूक पकडायला श्रीशैलनं प्रत्येक पायरीची नोंद छापायला लावली. नोंद छापली की चूक गायब. नोंद काढली की हजर.

साहेबांचं पदनाम पडद्यावर मावत नाही. त्यांनी व्हिडिओवरून निकाल दिला, "मग छापणं चालू ठेवा. तक्रार बंद करा."

"छापण्यात वेळ जातो म्हणून टक्कर टळतीय, सायब. चूक तितंच हाय."

चार महिने तो रोज योनासला लिहीत होता. रोज उत्तर यायचं: यंत्र कधी अडकलं, वारा किती होता, बायकोचा गुडघा कसा आहे. श्रीशैल ते कुंपणाच्या भिंतीवरून मला वाचून दाखवायचा. एरवी त्याच्या दारात दूधवाल्याखेरीज कुणी येत नाही.

मग चूक सापडली. एक काम जोडणी उघडी आहे का ते बघायचं. त्यानं निरोप ठेवेपर्यंत दुसरं काम ती जोडणी बंद करून मोकळं व्हायचं. दुरुस्ती चार ओळींची निघाली. ती दोन दिवस त्याच्याकडेच पडून राहिली.

"पाठवली का रे?"

"तपासतोय की सर."

तिसऱ्या दिवशी योनासनं कळवलं, होड्या समुद्रात आहेत आणि यंत्र पुन्हा मुकं झालंय. तासाभरात दुरुस्ती गेली.

महिन्याभरानं उत्तर आलं: यंत्र एकदाही अडकलं नाही. आभार. तक्रार बंद करत आहे.

श्रीशैल भिंतीशी येऊन उभा राहिला. मी अभिनंदन केलं. तो बराच वेळ विटेचा पोपडा काढत राहिला.

"सर, तुमी मराठीचे. काई काम नसताना पत्र लिवायचं असलं, तर सुरुवात कशी करत्यात?"

तीस वर्षं मी मुलांना पत्रांचे मायने पाठ करायला लावले होते. त्या दुपारी मला एकही आठवला नाही.