भाकरीवरचा तेल्या

लासुर्ण्याचे हिंदुराव डाळिंबावरचा तेल्या बांधावरूनच ओळखायचे, असं हिंदुरावच सांगायचे. तेल्या रोग म्हणजे डाळिंबाचा यमदूत. फळावर काळा डाग पडला की ते तोडून खड्ड्यात पुरायचं, नाहीतर बाग गेलीच. "लॅबला कशाला जाताय? माजा डोळा हाय की," असं म्हणत ते लोकांच्या बागेत शिरून न मागता निकाल द्यायचे.

सोमवारी निकाल त्यांच्याच बागेचा लागला. फळाफळावर काळे ठिपके.

"ठमे, बाग गेली."

ठमाबाईनं फळ पदरानं पुसून उन्हात धरलं. "मला तर चकाचक दिसतंय."

"नीट बघ. ह्यो बघ डाग, हिकडनं तिकडं गेला."

"आवो, फळावरचा डाग कुठं हलतो? आधी डोळं दाखवून या."

आता सल्ला पडला बायकोचा. तो ऐकला असता तर हिंदुराव कसले? त्यांनी दोन वेळा फवारणी केली आणि फळं तोडायला लागले. मंगळवारपर्यंत तीन ओळी खड्ड्यात गेल्या.

जेवायला बसले तर भाकरीवरही तेच ठिपके.

"औषध उडालंय हिच्यावर," ते म्हणाले.

"घरात बसून? भाकरीलाबी तेल्या झाला म्हणा की," ठमाबाई म्हणाली.

बुधवारी उजव्या डोळ्याच्या कडेला लख्ख उजेड चमकायला लागला. शेजारच्या बिरदेवानं किडे पकडायला बांधावर दिव्याचा सापळा लावला होता. हिंदुराव तरातरा तिकडं गेले.

"दिवा बंद कर तुजा. डोळ्यात मारतोय."

"आबा, त्यो अंधार पडल्याबिगर लागत न्हाय. आत्ता सकाळचं अकरा वाजल्यात."

"म्हंजी मला येड लागलंय व्हय?"

बिरदेवानं बंद दिव्याच्या काचेवर हात ठेवून दाखवला. ते दाखवणंच हिंदुरावांना जास्त झोंबलं. घरी येऊन त्यांनी रागारागानं चौथी ओळ रिकामी केली.

शनिवारी त्याच डोळ्यापुढं खालून काळा पडदा चढायला लागला. "ठमे, अर्धं दिसंना मला," म्हणत ते दाराची चौकट चाचपायला लागले. बिरदेवानंच गाडीत घालून दोघांना बारामतीला नेलं.

डॉक्टर माधवीताईंनी थेंब घालून बराच वेळ डोळा तपासला. मग उजवा डोळा झाकून समोरच्या भिंतीकडं बघायला सांगितलं. भिंत स्वच्छ पांढरी होती. इतक्या दिवसांत एक डोळा झाकून बघायचं हिंदुरावांना सुचलं नव्हतं.

"वयानं डोळ्यातली जेली आक्रसते, ठिपके तरंगतात. बहुतेकांना त्यानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण अचानक खूप ठिपके आले किंवा उजेड चमकायला लागला, तर त्याच दिवशी यायचं असतं. आतला पडदा फाटला होता. तेव्हाच आला असता तर लेझरवर भागलं असतं. आता पडदा सुटलाय. ऑपरेशन करू, पण पहिल्यासारखं दिसेल असं सांगता येत नाही."

ठमाबाईनं सोमवारचा विषय काढला नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं हिंदुरावांना वाटलं.

ऑपरेशन झालं. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायू भरला होता, म्हणून आठ दिवस घरी तोंड खाली घालून बसायचा हुकूम झाला. तालुकाभर मान वर करून फिरलेला माणूस फरशीकडं बघत बसला.

तिसऱ्या दिवशी ठमाबाईनं त्यांच्यापुढं फरशीवर एक डाळिंब ठेवलं. खड्ड्यातून काढून धुतलेलं. हिंदुरावांनी ते हातात फिरवून डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघितलं. पण आता त्या डोळ्यावरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता. मग जन्मात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याला विचारलं, "डाग हाय का गं?"

"न्हाय."

"खड्ड्यात अशी किती असत्याल?"

"सगळी," ठमाबाई म्हणाली, आणि सोलायला बसली.