खानेसुमारी आप्पा

बोरटाकळीच्या वेशीत एक लिंब होता. त्याच्याखाली आप्पा रोज सकाळी उभे राहत आणि गाव मोजत. गुरं नव्हे, घरं नव्हे, माणसं. रानात निघालेला गडी, आडावर चाललेली बाई, काखेतलं पोर, कुणीही पुढून गेलं की आप्पांचं बोट हळूच हलायचं. शेवगावची एस. टी. गाठायला पळणारा पाटलांचा जावई मात्र ते सोडून देत. "पाव्हना धरायचा न्हाई, मोजनी बिघडती," म्हणत.

गावानं त्यांना 'खानेसुमारी आप्पा' हे नाव ठेवलं होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. "सरकार धा वर्सांनी मोजतंय, मी रोज मोजतो. मग गावाची काळजी कुनाला जास्त?" 

मी मूळचा संगमनेरचा. बदलीनं या गावी मास्तर म्हणून आलो, आणि एकाहत्तरची खानेसुमारी माझ्याच गळ्यात पडली. आठ दिवस उंबरे झिजवून मी आकडा काढला आणि मोठ्या ऐटीत आप्पांना सांगितला. ते म्हणाले, "एक जास्त झालाय, गुरुजी."

मी पुन्हा बेरीज केली, तिसऱ्यांदा केली. आकडा तोच. आप्पाही हटेनात. "शिकलेल्या मानसाची चूक व्हती कवा कवा," असं म्हणून त्यांनी मला उदार मनानं माफ केलं. मला ती माफी फार झोंबली.

आप्पा सडेफटिंग. चार एकर जिराईत, एक म्हैस आणि जगाची चिंता, एवढा त्यांचा प्रपंच. दुपारी ते शाळेत येऊन नकाशासमोर बसत आणि एकेका देशावर बोट ठेवून विचारत, "हितं मानसं किती?" मी पुस्तकात बघून सांगायचो. कमी निघाली की म्हणायचे, "मंग ह्याला कोन इचारतंय?" डोकी हाएत तर वट हाय, हा त्यांचा सिद्धांत. चीनचा दरारा का, तर घरटी पंगत बसते. इंग्रज का गेला, तर येवढ्या मोठ्या जगावर ठेवायला त्याला मानसं पुरली न्हाईत. मी स्वातंत्र्याच्या चळवळीची आठवण करून दिली. आप्पा म्हणाले, "त्येबी हाय. पर मोजनी माझीच खरी."

त्यात सरकारनं चावडीच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढला आणि 'दोन किंवा तीन पुरेत' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली कोळशानं एक ओळ आली: 'आमच्या गावाला पुरत न्हाईत.' लिहिणारा कोण हे नर्सबाईंनाही विचारावं लागलं नाही.

गावात मूल जन्मलं की आप्पा घरोघरी गूळ वाटत. मुलगा असो, मुलगी असो, खडा तेवढाच. मुलीला कशाला, असं कुणी म्हटलंच, तर "तिचं डोकं काय अर्धं धरायचं व्हय?" असं विचारून त्याच्या तळहातावरचा खडा परत घेत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आड आटले आणि माणसं निघाली. कुणी खडी फोडायला, कुणी कारखान्यावर ऊस तोडायला, कुणी थेट मुंबईला. घोडेगावच्या बाजारात बैल विकून आलेला माणूस आठवडाभरात बायकोपोरांसह वेशीतून बाहेर पडायचा. आप्पांचं बोट आता उलटं मोजू लागलं. ते जाणाऱ्याला अडवत नसत. "चैताच्या जत्रंला ये," एवढंच म्हणत.

या जत्रेचं सांगायला हवं. आमच्याकडे टेकडीवरच्या देवीला सात गावं आपापली काठी नेतात. काठी म्हणजे ताडासारखा उंच बांबू, वर निशाण. तो उभाच्या उभा टेकडी चढवायचा आणि देवळाच्या शिखराला टेकवायचा. पडू नये म्हणून त्याला एकवीस दोर. नियम असा, की दोर धरणाऱ्या प्रत्येकाची नाळ त्याच गावात पुरलेली हवी. पहिला मान बोरटाकळीचा, आणि ज्याची काठी पहिली त्याचा शब्द सात गावांत पहिला. ओढ्याच्या पाण्याची पाळी असो की बांधाचं भांडण, आधी बोरटाकळी बोलणार. एकवीस माणसं भरली नाहीत, तर मान शेजारच्या खडकवाडीला, आणि तो कायमचा. आप्पांचं जग या सात गावांचं होतं, आणि त्यातली आमची वट जायला आली होती.

चैत्र लागला तेव्हा गावात दोर पेलतील असे आठच गडी उरले होते. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं सुटेनात. खडकवाडीच्या पाटलांनी काठीला नवं निशाण शिवायला टाकल्याची बातमी आली. आप्पा दोन दिवस लिंबाखाली आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाले, "गुरुजी, कारडं काढा. लेकींना लिवायचं."

गावच्या लेकी कुठे कुठे दिल्या होत्या ते सगळं त्यांना तोंडपाठ. त्यातल्या अंगापिंडानं धड अशा तेरा जणी त्यांनी निवडल्या. मजकूर एकच: 'तुझी नाळ बोरटाकळीत हाय. तवा गूळ वाटला व्हता. पुनवंला दोर धरायला ये. आप्पा.' असलं पत्र वाचून सासरच्यांना काय वाटेल, असं मी विचारलं. "त्यांनी गूळ वाटला व्हता का?" आप्पांनी उलट विचारलं.

पुनवेला बारा जणी आल्या. कुणी एस. टी.नं, कुणी बैलगाडीतून, दोघी तर चार कोस चालत. तेरावी आदल्या दिवशी बाळंत झाली होती. आप्पा म्हणाले, "झ्याक झालं," आणि मग जरा खट्टू होऊन, "पर वाढलं त्या गावचं."

टेकडीच्या पायथ्याला खडकवाडीचे पाटील आडवे आले. "बाया कवापासून काठी धराय लागल्या?"

देवीचा गुरव म्हातारा, पण खमका. तो म्हणाला, "पाटील, नेम नाळंचा हाय. लेकींच्या नाळा काय खडकवाडीत पुरल्यात?" सात गावं हसली. पाटील बाजूला झाले.

आठ आणि बारा वीस. एक दोर मोकळा होता. आप्पा काठीपासून दहा पावलांवर उभे होते.

मी म्हणालो, "आप्पा, धरा की."

"माझी न्हाई हितं नाळ." ते जमिनीकडं बघत होते. "माझं गाव पटकीनं ओस पडलं, गुरुजी. धा-पंधरा दिसांचा हुतो, आई हितं घिऊन आली. कागदावर आता त्याला बेचिराग म्हंत्यात. दिवा लावाय मानूस न्हाई."

 रोज सकाळी हा माणूस लिंबाखाली काय राखत उभा असायचा, ते मला त्या घटकेला कळलं.

तेवढ्यात सखूआत्या पुढं झाली. बारा जणींत थोरली, गावच्या जुन्या सुईणीची लेक. "आप्पा, तुजी नाळ हितं आल्यावर गळली. माझ्या आईनं लिंबाखाली पुरली. तिनंच सांगितलंय मला."

सखूआत्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ही गोष्ट गावात कुणी ऐकली नव्हती. गुरवानं तिच्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. "लिंबाखाली म्हंजे गावातच की," तो म्हणाला, आणि त्यानं ढोल वाजवायची खूण केली. 

आप्पांनी सखूआत्याकडं बराच वेळ बघितलं. मग पागोटं घट्ट केलं आणि दोर धरला.

काठी उठली. बारा लुगड्यांचे कासोटे खोचलेले, आठ धोतरं आणि आप्पा. एकदा वाऱ्यानं ती खडकवाडीकडं कलली, तशा बायकांनी टाचा रोवून ती सरळ केली. शिखराला काठी टेकली तेव्हा सात गावांनी जो गजर केला, तो ऐकून माझ्यासारख्या परगावच्या माणसाचीही छाती फुगली. त्या साली ओढ्याची पाळी बोरटाकळीनंच ठरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेशीतून निघालो. आप्पा लिंबाखाली होते, पण आज उभे नव्हते. बुंध्याला पाठ लावून चक्क मांडी घालून बसले होते.

"आज किती, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी शेजारची जागा हातानं झाडून मला बसायला दिली. मग म्हणाले, "गुरुजी, त्या खानेसुमारीत तुमचाच आकडा बरुबर हुता."